अमेरिकेतील संयोगचिन्हाचे राजकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)

अमेरिकन माणसाला ‘तुम्ही कोण?’ असे विचारले, तर तो पुष्कळदा दोन उत्तरे देतो. मी अमेरिकन आहे हे एक. आणि मी आयरिश आहे, इटालियन आहे, अर्धा जर्मन व पाव पोलिश आहे, हे दुसरे. ज्या आयर्लंडचे नाव तो अभिमानाने घेतो, तो देश त्याने पाहिलेला नसतो. बहुधा त्याच्या आजोबांनीही पाहिलेला नसतो. तेथील मूळ भाषेचे चार शब्द त्याला येत नाहीत. तरीही १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, तो हिरवे कपडे घालून मिरवणुकीत चालतो आणि ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, घरावर राष्ट्रध्वज लावतो. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असे त्याला वाटत नाही. इंग्रजीत ‘आयरिश’ आणि ‘अमेरिकन’ या दोन शब्दांच्या मध्ये एक छोटी आडवी रेघ घालण्याची रीत आहे. आपल्या व्याकरणात तिला संयोगचिन्ह म्हणतात. आजचे माझे विवेचन या रेघेविषयी आहे.

पूर्वजांचा वारसा आणि राष्ट्रनिष्ठा यांच्यात उपजत वैर असते, असे मानणारे लोक सर्वत्र आढळतात. अमेरिकेतही ते होते व आहेत. उलट, अमेरिकेने हे कोडे कधीच सोडविले असून तेथे कोणीही कोणताही वारसा मिरवावा आणि खुशाल अमेरिकन म्हणवून घ्यावे, असे सांगणारेही पुष्कळ आहेत. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. अमेरिकेच्या इतिहासात दिसते ते असे, की एखादा वारसा निरुपद्रवी ठरतो की संशयास्पद, सण ठरतो की शिक्षा, हे त्या वारशाच्या गुणावगुणांवर फारसे अवलंबून नसते. तो वारसा सांगणाऱ्याला नागरिकत्वाचे, मजुरीचे, घराचे व शिक्षणाचे हक्क किती मिळाले, यावर ते अवलंबून असते. हेच मला आज काही उदाहरणांच्या आधारे मांडावयाचे आहे.

जनगणनेतील पूर्वज

आरंभ आकड्यांपासून करू. अमेरिकेच्या जनगणनेत पूर्वी माणसाचे व त्याच्या आईवडिलांचे जन्मस्थान विचारीत. १९८० साली प्रथमच, नमुन्यादाखल निवडलेल्या घरांना, ‘तुमचे पूर्वज कोण?’ असा थेट प्रश्न विचारण्यात आला. त्यावरून काढलेल्या हिशेबाप्रमाणे सुमारे ४ कोटी ९६ लाख लोकांनी आपले पूर्वज इंग्लिश असल्याचे सांगितले, ४ कोटी ९२ लाखांनी जर्मन आणि ४ कोटींनी आयरिश. (एकाच माणसाला एकाहून अधिक उत्तरे देण्याची मुभा होती.) दहा वर्षांनी, १९९० साली, हाच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा इंग्लिश पूर्वज सांगणारे ३ कोटी २७ लाखांवर आले आणि जर्मन पूर्वज सांगणारे ५ कोटी ८० लाखांवर गेले. दहा वर्षांत पावणेदोन कोटी इंग्लिश वंशज गेले कोठे? कोणी मेले नव्हते, कोणी देश सोडून गेले नव्हते. प्रश्नाखाली नमुन्यादाखल जी उत्तरे छापलेली असत, त्यांत १९८० साली ‘इंग्लिश’ हा शब्द होता, १९९० साली तो गाळला गेला आणि ‘जर्मन’ हा शब्द यादीच्या अग्रभागी आला. पुढे २०२० च्या जनगणनेत श्वेतवर्णीयांच्या रकान्यात ‘इंग्लिश’ हा शब्द नमुन्यांत पुन्हा छापला गेला आणि ४ कोटी ६६ लाख लोकांसह इंग्लिश वंशज पुन्हा पहिल्या क्रमांकावर आले. दरम्यान २००० साली सुमारे २ कोटी लोकांनी पूर्वजांच्या रकान्यात नुसते ‘अमेरिकन’ असेच लिहिले होते.

छापील नमुना बदलला की आजोबा बदलतात, असा हा वारसा आहे! यात हसण्यासारखे काही असले तरी त्यामागील अर्थ गंभीर आहे. या लोकांच्या दैनंदिन जीवनात आजोबा कोण होते याने काहीच फरक पडत नाही. म्हणून आजोबांची निवड करता येते. हर्बर्ट गॅन्स या समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली या प्रकाराला ‘प्रतीकात्मक वांशिकता’ असे नाव दिले. मेरी वॉटर्स या विदुषीने कॅलिफोर्निया व पेनसिल्व्हानियातील उपनगरांत राहणाऱ्या श्वेतवर्णीय कॅथलिकांच्या मुलाखती घेऊन १९९० साली एक पुस्तक लिहिले. तिला असे आढळले, की चार पणज्यांपैकी एकीचा वारसा माणसे उचलतात व तिघींचा विसरतात. वर्षातून एक मिरवणूक, नाताळचा एखादा पदार्थ, मुलाचे एखादे नाव, एवढ्यावर तो वारसा भागतो. नोकरी मिळताना, घर घेताना, पोलिसाने रस्त्यात अडविले असताना त्याचा प्रश्न येत नाही. आणि वॉटर्सचे पुढचे निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे : आपला वारसा असा ऐच्छिक असल्यामुळे, कृष्णवर्णीयांचाही तसाच असणार, असे ही माणसे प्रामाणिकपणे समजतात. मग ‘हे लोक सारखे वर्णाविषयी का बोलतात?’ असा प्रश्न त्यांना पडतो.

सणामागील लढा

परंतु हे ऐच्छिक वारसे मुळात ऐच्छिक नव्हते, हे ध्यानात ठेवावयास हवे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. अमेरिकेच्या बंदरांत उतरलेला हा आयरिश मजूर कॅथलिक होता, उपाशी होता आणि मिळेल त्या मजुरीवर राबण्यास तयार होता. १८५० नंतरच्या दशकात परदेशी व कॅथलिक यांच्या विरोधात एक मोठा राजकीय पक्षच उभा राहिला. ‘नो नथिंग’ या नावाने तो ओळखला जाई. नागरिकत्वासाठी २१ वर्षे थांबावे लागावे, अशी त्याची मागणी होती. न्यूयॉर्कमधील सेंट पॅट्रिकची मिरवणूक १७६२ पासूनची, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्याच्याही आधीची. पण दुष्काळानंतर तिला निराळा अर्थ आला. आम्ही इतके आहोत, आम्ही संघटित आहोत आणि आम्हाला मत आहे, हे शहराला दाखविण्याचे ते साधन झाले. मताच्या बळावर आयरिशांनी नगरपालिका, पोलीस दल, अग्निशामक दल यांत शिरकाव केला. शिकागोची नदी दर वर्षी सेंट पॅट्रिकच्या दिवसासाठी हिरवी रंगविली जाते, ते काम १९६२ पासून तेथील प्लंबरांची कामगार संघटना करीत आली आहे. गटारांचे पाणी चोरून नदीत कोठे सोडले जाते हे शोधण्यासाठी वापरावयाच्या रंगातून ती कल्पना निघाली. आजच्या रंगीबेरंगी सणाच्या मुळाशी मताचा व संघटनेचा इतिहास आहे तो असा.

इटालियनांची कथा याच जातीची. १८९१ साली न्यू ऑर्लिन्स शहरात पोलीसप्रमुखाच्या खुनाच्या आरोपावरून तुरुंगात असलेल्या, परंतु न्यायालयात कोणाचाही गुन्हा सिद्ध न झालेल्या ११ इटालियनांना जमावाने तुरुंगात घुसून ठार मारले. पुढच्याच वर्षी कोलंबसाच्या सफरीला ४०० वर्षे झाली. अध्यक्ष हॅरिसन यांनी राष्ट्रीय समारंभ जाहीर केला आणि इटालियन स्थलांतरितांनी कोलंबस हा आपला साक्षीदार म्हणून पुढे केला. या देशात आम्ही उपरे नाही, देशाची कथाच आमच्या माणसापासून सुरू होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९७१ पासून कोलंबस दिन ठरलेल्या सोमवारी देशभर सरकारी सुटी म्हणून पाळला जाऊ लागला. मात्र ज्यांच्या भूमीवर कोलंबस उतरला त्यांच्या दृष्टीने हा दिवस विनाशाचा आरंभ होता. १९९२ पासून बर्कले शहराने आणि नंतर अनेक शहरांनी व राज्यांनी त्या दिवसाला मूलनिवासींचा दिन म्हणण्यास सुरुवात केली. एका पीडित समाजाने आपल्या संरक्षणासाठी उचललेले प्रतीक दुसऱ्या पीडित समाजाच्या जखमेवर मीठ ठरले. हा वाद केवळ पुतळ्यांचा आहे असे समजून त्याची थट्टा करणे सोपे आहे. त्यातील दोन्ही वेदना खऱ्या आहेत हे पाहणे अवघड आहे.

देशाची मागणी : वितळून जा

पहिल्या महायुद्धाच्या काळात हे संयोगचिन्हच गुन्हा ठरले. १२ ऑक्टोबर १९१५ रोजी, कोलंबस दिनी, माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये कॅथलिक श्रोत्यांपुढे भाषण करून संयोगचिन्ह लावणाऱ्या अमेरिकनांना या देशात जागा नाही असे बजावले. युद्धात अमेरिका उतरताच त्याचा प्रसाद जर्मन वंशीयांना मिळाला. आयोवा राज्याच्या गव्हर्नराने १९१८ साली शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, एवढेच नव्हे तर टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलण्यास मनाई केली. त्याच वर्षी इलिनॉय राज्यात कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या रॉबर्ट प्रेगर या जर्मन स्थलांतरिताला जमावाने झाडाला लटकावून मारले आणि खटल्यातील सर्व आरोपी निर्दोष सुटले. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या वांशिक समूहांपैकी एक असूनही जर्मनांचा वारसा आज आयरिशांइतका डोळ्यांत भरत नाही, त्याचे एक कारण ही भीती होय.

सर्व वंशांनी एका मुशीत वितळून एकजिनसी अमेरिकन व्हावे, ही कल्पना जुनी. पण इझ्रायल झँगविल यांच्या १९०८ सालच्या नाटकाने तिला ‘वितळणारी मूस’ हे नाव लोकप्रिय करून दिले. ही मूस कोणाच्या भट्टीवर ठेवली होती, हे कामगार चळवळीने विसरू नये. फोर्डच्या मोटार कारखान्यात १९१४ साली पाच डॉलर रोज जाहीर झाला. पण तो मिळावयाचा तर कामगाराच्या घरी कंपनीचे तपासनीस येऊन तो नीट राहतो की नाही हे पाहून जात. कंपनीने स्थलांतरित कामगारांसाठी इंग्रजीची शाळा काढली. तिच्या पदवीदान समारंभात रंगमंचावर एक प्रचंड मूस मांडलेली असे. आपापल्या देशाचे कपडे घातलेले कामगार एका बाजूने तिच्यात उतरत आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकन सूट घालून, हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन बाहेर पडत. राष्ट्रीय एकात्मतेच्या नावाने मालकाला सोयीचा कामगार घडविण्याचे हे नाट्य होते.

याला वैचारिक विरोधही झाला. १९१५ साली होरेस कॅलन या तत्त्वज्ञाने मुशीच्या जागी वाद्यवृंदाची उपमा दिली. प्रत्येक वाद्याने आपला स्वर ठेवावा आणि सर्वांनी मिळून संगीत करावे, असा तिचा आशय होता. पण कॅलनच्या वाद्यवृंदात युरोपातून आलेल्यांनाच खुर्च्या मांडलेल्या होत्या. कृष्णवर्णीयांना त्यात जवळजवळ स्थान नव्हते.

गिरणीत आणि मळ्यात

मुशीची आणि वाद्यवृंदाची चर्चा विद्वान करीत होते, तेव्हा कारखानदार निराळाच उद्योग करीत होते. १९१९ च्या पोलादसंपात मालकांच्या बाजूने काम करणाऱ्या एका हेरसंस्थेने आपल्या माणसाला लेखी सूचना पाठविली होती, की सर्बियन व इटालियन कामगारांमध्ये जमेल तेवढी तेढ वाढवावी. वारशाचा मालकवर्गाने केलेला हा वापर. विभागणी करण्यासाठी वारसा हवा, आणि देशनिष्ठा मागताना मात्र वारसा नको, असे हे दुटप्पी धोरण होते.

याचे उत्तर कामगारांनी दोन प्रसंगी फार सुंदर दिले. १९१२ साली मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स या गिरणगावात, कामाचे तास आठवड्याला ५६ वरून ५४ वर आणणारा कायदा झाला, तेव्हा मालकांनी तेवढी मजुरी कापली. भर जानेवारीच्या थंडीत हजारो कामगार बाहेर पडले. त्यांत इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सीरियन अशा कितीतरी देशांचे स्त्रीपुरुष होते. इतक्या भाषा बोलणारे लोक संघटित होणे अशक्य, असे जुन्या कुशल कामगारांच्या संघटना मानीत. संपसमितीने प्रत्येक राष्ट्रगटाचे प्रतिनिधी घेतले आणि सभेतील भाषणांचे अनेक भाषांत भाषांतर करण्याची व्यवस्था केली. कोणालाही आपली भाषा सोडण्यास सांगितले नाही. मार्चमध्ये मजुरीत वाढ मिळवून संप जिंकला गेला.

दुसरा प्रसंग कॅलिफोर्नियातील डेलॅनो येथील द्राक्षमळ्यांचा. तेथे फिलिपिनो आणि मेक्सिकन मजूर असत. एकाने संप केला की दुसऱ्याला कामावर आणून तो मोडावयाचा, ही मळेवाल्यांची नेहमीची रीत. ८ सप्टेंबर १९६५ रोजी लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला. आठ दिवसांनी, १६ सप्टेंबरला, सीझर चावेझ यांच्या संघटनेतील मेक्सिकन मजुरांनी चर्चच्या सभागृहात जमून त्या संपात उतरण्याचा निर्णय घेतला. तो दिवस मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन होता. पूर्वजांच्या देशाचा सण त्यांनी दुसऱ्या देशाच्या पूर्वजांच्या वंशजांना साथ देण्यासाठी वापरला. पुढच्या वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या आणि दीर्घ बहिष्कारानंतर १९७० साली मळेवाल्यांना करार करावे लागले. वारसा एकजुटीच्या आड येतोच असे नाही, हे यावरून दिसते.

ज्यांना निवड नव्हती

आता ज्यांचा वारसा कधीच ऐच्छिक नव्हता त्यांच्याकडे वळू. १७९० च्या अमेरिकन कायद्याने नागरिकत्व घेण्याचा हक्क फक्त ‘स्वतंत्र श्वेतवर्णीय’ व्यक्तींना दिला. उपाशी आयरिश मजुराचा कितीही द्वेष झाला तरी हा दरवाजा त्याला उघडा होता. चिनी मजुरांना १८८२ च्या कायद्याने देशातच बंदी झाली. आणि जे या भूमीचे मूळचे रहिवासी, त्या सर्वांना नागरिकत्व मिळण्यास १९२४ साल उजाडावे लागले. तोवर त्यांच्या मुलांना निवासी शाळांत घालून त्यांची भाषा व नावे पुसण्याचा प्रयोग कित्येक वर्षे चालला होता.

या कायद्याशी आपल्या देशाचाही संबंध आला. भगतसिंग थिंड हे पंजाबातून गेलेले शीख. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितले. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका जपानी अर्जदाराला, ‘श्वेतवर्णीय म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तू तसा नाहीस’ असे सांगून परत पाठविले होते. तेव्हा थिंड यांच्या वतीने युक्तिवाद झाला, की मानववंशशास्त्राप्रमाणे आम्ही कॉकेशियनच आहोत. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच न्यायालयाने उत्तर दिले, की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला श्वेतवर्णीय म्हणतो तो तू नाहीस. या निकालानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले. पण या खटल्यातील आणखी एक गोष्ट आपण लपवू नये. थिंड यांच्या बाजूने असाही दावा केला गेला होता, की उच्चवर्णीय हिंदू हा भारतातील आदिवासी ‘मंगोलॉइड’ लोकांकडे, अमेरिकन गोरा निग्रोकडे पाहतो त्याच दृष्टीने पाहतो. म्हणून त्याला गोऱ्यांत घ्यावे. अन्यायाच्या दारातून आत शिरण्यासाठी घरचा अन्याय प्रशस्तिपत्र म्हणून सादर केला गेला, आणि तरीही दार उघडले नाही.

जपानी वंशीयांची कहाणी तर याहून बोलकी आहे. १९४२ साली अध्यक्षांच्या एका हुकमाने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशीयांना घरेदारे सोडावयास लावून काटेरी कुंपणाच्या छावण्यांत कोंडले. त्यांतील दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्याच छावण्यांतील तरुण अमेरिकेच्या सैन्यात भरती होऊन युरोपात लढले व मेले. १९८८ साली सरकारने माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर दिले.

आणि कृष्णवर्णीय? आयरिश वंशज जहाजांच्या याद्यांत पणजोबांचे नाव शोधतो. गुलामांच्या वंशजाने काय शोधावयाचे? १८५० व १८६० च्या जनगणनेत गुलामांची मोजणी स्वतंत्र तक्त्यांत झाली. मालकाचे नाव लिहिले जाई आणि त्याखाली गुलामाचे वय, लिंग व वर्ण. गुलामाला नावच नाही. १८७० च्या जनगणनेत प्रथमच ही सर्व माणसे नावानिशी दिसू लागतात. त्यामागे शोध बहुधा भिंतीला टेकतो. म्हणूनच १९७६ साली ॲलेक्स हॅली यांचे ‘रूट्स’ हे पुस्तक आले आणि पुढच्या वर्षी ते दूरदर्शन मालिकेच्या रूपाने कोट्यवधींनी पाहिले, तेव्हा त्याचा परिणाम एवढा खोल झाला. त्यातील वंशावळीच्या खरेपणावर पुढे वाद झाले. पण आफ्रिकेतील एका गावापर्यंत नाव नेता येते, या शक्यतेनेच लोक हेलावले. १९८८ साली जेसी जॅक्सन यांनी ‘आफ्रिकन अमेरिकन’ या नावाचा आग्रह धरला, तो याच भूमिकेतून. इतरांच्या नावात एक भूमी आहे, तशी आमच्याही नावात असावी. डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांनी १९०३ सालीच लिहून ठेवले होते, की कृष्णवर्णीय माणसाला आपल्यातील दोन्ही अस्तित्वे, निग्रो व अमेरिकन, जपावयाची आहेत. एकाही अस्तित्वाचा त्याग न करता. म्हणजे संयोगचिन्हाची सर्वांत उदात्त मागणी, ते वापरण्याची मुभा ज्यांना नव्हती त्यांच्याकडूनच आली.

आजोबांचा युक्तिवाद

१९७० नंतर श्वेतवर्णीय कामगारवर्गात पूर्वजांविषयी नवे प्रेम उफाळून आले. १९७२ साली शाळांतून वांशिक वारशाचा अभ्यास व्हावा म्हणून कायदाही झाला. यात चांगले पुष्कळ होते. पण त्याच्याच पोटात एक युक्तिवाद वाढला : ‘आमचे आजोबा रिकाम्या हातांनी आले, अपमान सोसून कष्टाने वर आले, मग कृष्णवर्णीयांना सवलती कशाला?’

हा युक्तिवाद आपल्या कानांना ओळखीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घ्यावे. आजोबा कष्टाळू होते यात शंका नाही. पण त्यांना मत होते. १८६२ च्या कायद्याने सरकारी जमीन मिळण्याचा मार्ग होता. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षण व घरासाठी जे साहाय्य मिळाले, त्यातून कृष्णवर्णीय सैनिक व्यवहारात मोठ्या प्रमाणावर वगळले गेले. गृहकर्जाच्या सरकारी नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रेषेने वेढून कर्जास अपात्र ठरविल्या गेल्या. आजोबांच्या घामात शासनाचा हात मिसळलेला होता. वारशाच्या कथेतून नेमका तो हात पुसला गेला.

१९७४ साली बॉस्टनमध्ये न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन मोडण्यासाठी मुलांना बसने एका भागातून दुसऱ्या भागात नेण्याचा हुकूम दिला. आयरिश वस्तीत कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड पडले. ज्या समाजाच्या पणजोबांना याच शहरात तुच्छतेने वागविले होते, त्याच समाजाचे ते हात होते. १९७६ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या वर्षी, बॉस्टनच्या नगरगृहाजवळ एका श्वेतवर्णीय तरुणाने एका कृष्णवर्णीय वकिलावर राष्ट्रध्वजाच्या काठीने चाल केली. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गाजले. पूर्वजांच्या यातनांची आठवण माणसाला आपोआप दयाळू करीत नाही, हे यातून शिकावयाचे आहे. त्या आठवणीला न्यायाची दिशा देणारी चळवळ लागते.

आपल्याशी संबंध काय?

हा सारा इतिहास आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. म्हणजे मुशीचा आणि वाद्यवृंदाचा वाद ऐन भरात असताना. त्यांचे गुरू जॉन ड्युई त्या वादातील एक प्रमुख विचारवंत होते. समाजाच्या गटागटांत सतत सामाजिक अभिसरण व्हावे, ही ड्युईंची कल्पना पुढे बाबासाहेबांच्या १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या प्रबंधात दिसते. १९४६ साली बाबासाहेबांनी द्युबॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली आणि द्युबॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नाव १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरवरून घेतले.

याचीच दुसरी बाजूही पाहू. वंशानुसार कोटा ठरविणारा जुना कायदा रद्द करून अमेरिकेने १९६५ साली नवा स्थलांतर कायदा केला, तेव्हा आपल्याकडील डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ तिकडे जाऊ लागले. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने जे वातावरण निर्माण केले, त्याचाच हा कायदा एक परिणाम होता. दुसऱ्यांनी लाठ्या खाऊन उघडलेल्या दारातून आपण आत गेलो. तेथील मराठी मंडळींनी शहरोशहरी मंडळे काढली, १९८१ साली त्यांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. गणेशोत्सव होतात, मुलांसाठी मराठीच्या शाळा चालतात. याचे कौतुक करावयास हवे. पण पूर्वजांच्या गाठोड्यात भाषा व सण यांच्याबरोबर जातही गेली आहे काय, हा प्रश्न आता तेथेच विचारला जात आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल नगरपालिकेने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. तो ठराव मांडणाऱ्या तत्कालीन समाजवादी नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी अशाच आशयाचे विधेयक संमत केले. परंतु सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे कारण देऊन गव्हर्नरांनी ते ऑक्टोबरमध्ये नाकारले. या विधेयकामुळे आमच्या वारशाची बदनामी होते, असे म्हणणारे भारतीय वंशाचे लोक होते, आणि आमच्या वारशात हाच भाग आमच्या वाट्याला आला, असे सांगणारेही भारतीय वंशाचेच लोक होते. एकाच गावातून निघालेल्या दोन माणसांचा वारसा एक नसतो.

मित्रहो, वारसा सोडा म्हणून कोणाला सांगण्याचे कारण नाही. तशी मागणी बहुधा बलिष्ठांकडूनच होते आणि ती दुर्बळांनाच उद्देशून होते. पण वारसा म्हटला की तो पवित्र, असे समजून गप्प बसण्याचेही कारण नाही. कोणी पूर्वजांचा अभिमान सांगू लागला, की आपण तीन प्रश्न विचारावेत. हा वारसा नाकारण्याची मोकळीक त्या समाजातील प्रत्येकाला आहे काय? तो सांगितल्यामुळे कोणाची नोकरी, घर किंवा शाळा जाते काय? आणि तो शेजाऱ्याच्या हक्कासाठी उभे राहण्यास शिकवितो, की त्याच्या वाटेत उभे राहण्यास? लॉरेन्सच्या गिरणीत आणि डेलॅनोच्या मळ्यात या प्रश्नांची उत्तरे कामगारांनी दिली. बॉस्टनमध्ये ती देता आली नाहीत. आपल्या गावात, आपल्या युनियनमध्ये, आपल्या शाखेत ती कशी द्यावयाची, याची चर्चा आता आपण करावी. माझे विवेचन मी येथे पुरे करतो.